गार कोळंबी आणि फेसलेली मोहरी: प्रॉन कॉकटेल मराठवाड्यातल्या घरी कसे करावे

मराठवाड्यातल्या बहुतेकांची कोळंबीशी पहिली ओळख आठवडी बाजारात, सुकट आणि सुक्या बोंबलांच्या ढिगापाशी होते. ताजी कोळंबी घरी आलीच तर ती तिखट रश्शात पडते किंवा तव्यावर मसाल्यात परतली जाते. त्यामुळे कोळंबी नुसती मिठाच्या पाण्यात उकडायची, गार करायची आणि काचेच्या ग्लासात सॉसबरोबर वाढायची, हे ऐकल्यावर पाहुणे एकमेकांकडे पाहतात. त्यातून पदार्थाच्या नावात ‘कॉकटेल’ असल्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी वेगळ्याच शंकेने विचारपूस करतात. म्हणून आधीच सांगून टाकावे की यात दारूचा थेंबही नसतो. उंच दांड्याच्या ज्या ग्लासात हा पदार्थ वाढत असत, त्या ग्लासावरून नावाचा संबंध लावला जातो.

प्रॉन कॉकटेल हा एका काळाचा मोठा मानाचा पदार्थ आहे. अमेरिकेत टोमॅटो केचपमध्ये हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ किसून घातलेल्या लाल सॉसबरोबर उकडलेली गार कोळंबी खाण्याची पद्धत रूढ झाली, आणि लास व्हेगासच्या गोल्डन गेट कॅसिनोने १९५९ मध्ये अवघ्या ५० सेंटना ती विकायला सुरुवात केल्यावर ती सामान्य माणसापर्यंतही पोहोचली. ब्रिटनमध्ये याच पदार्थाने वेगळे वळण घेतले. तिथे मेयोनीजमध्ये केचप, वूस्टरशायर नावाचा आंबट-खारट विलायती सॉस आणि लिंबू मिसळून गुलाबी सॉस करत, खाली चिरलेला लेट्यूस आणि वर तिखटाची चिमूट असे, आणि १९६० पासून १९८० पर्यंतच्या दशकांत मेजवानीची सुरुवात हमखास यानेच होई. पुढे त्याची थट्टा होऊ लागली, आणि ती अगदीच अन्यायाची नव्हती. रबरासारखी चिवट गोठवलेली कोळंबी, पाणी सुटलेला लेट्यूस आणि जिभेला गोडाखेरीज काहीही न जाणवणारा सॉस असा ग्लास समोर आला, तर कोणीही थट्टाच करील.

माझ्या मते यात पदार्थाचा दोष नाही, करण्यातल्या आळसाचा आहे. गारवा, झणका आणि ताजेपणा यांवर हा पदार्थ उभा आहे, आणि त्यांतला झणका तर आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या हजर आहे. हॉर्सरॅडिशचा शोध घेत मोठ्या शहरातल्या महागड्या दुकानात जाण्याची काहीही गरज नाही, कारण लोणच्यासाठी आणि कोशिंबिरीसाठी आपण जी मोहरी फेसतो तिचा आणि त्या मुळाचा झणका एकाच द्रव्यातून येतो. ते कसे, हे पुढे येईलच. पुढची सगळी मापे चार माणसांसाठी आहेत.

कोळंबी कोणती घ्यावी

मराठवाड्यात समुद्राची कोळंबी आणि गोड्या पाण्यातली कोळंबी या दोन्हींना सरसकट झिंगे म्हणण्याची पद्धत आहे, पण या पदार्थासाठी दोन्हींत फरक करावा लागतो. गोदावरीकाठी आणि पैठणच्या नाथसागराच्या परिसरात मिळणारे गोड्या पाण्यातले झिंगे रश्शासाठी उत्तम असतात, मात्र त्यांचे मांस मऊ असते आणि डोक्यातल्या पाचकरसांमुळे ते मेल्यानंतर लवकर भुसभुशीत होते. असे झिंगे वापरायचेच असतील तर ते त्याच दिवशी पकडलेले असावेत, घरी आल्याबरोबर त्यांची डोकी काढावीत, आणि ते पूर्ण शिजवल्याशिवाय कधीही खाऊ नयेत, कारण गोड्या पाण्यातल्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या जिवांतून परजीवी पोटात जाण्याचा धोका असतो. गार करून खाण्याच्या पदार्थात मांसाला किंचित करकरीत चावा लागतो. तो समुद्राच्या किंवा खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या कोळंबीला असतो, म्हणून माझी पसंती तिलाच आहे.

बर्फात भरून आलेली ‘ताजी’ कोळंबी घ्यावी की गोठवलेली, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. किनाऱ्यापासून आपण इतके दूर आहोत की वाटेत किती वेळा बर्फ वितळला आणि किती वेळा नवा टाकला, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. चांगल्या दर्जाची गोठवलेली कोळंबी काढणीनंतर लवकर उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली नेलेली असते, आणि ती तशीच घरापर्यंत पोहोचली तर बाजारातल्या थकलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा सरस ठरते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्यानंतर बऱ्याच घरांत श्रावण पाळला जातो, म्हणजे पावसाळ्याचा बराचसा काळ तसाही ताज्या मासळीचा नसतो. भारतात शेततळ्यांत वाढवली जाणारी व्हॅनामेई जातीची कोळंबी मात्र बाराही महिने गोठवलेल्या स्वरूपात मिळते आणि या पदार्थाला ती अगदी योग्य आहे.

पाकिटावर ‘३१/४०’ किंवा ‘२६/३०’ असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, तेवढे नग बसतात असा त्यांचा अर्थ आहे, त्यामुळे आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. आपल्याला ३१/४० पुरेशी आहे. माणशी सहा किंवा सात नग धरले तर सोललेली, शेपटी ठेवलेली सुमारे ४०० ग्रॅम कोळंबी लागते. पाकीट ५०० ग्रॅमचे घ्यावे, कारण गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो आणि तो वितळला की वजन कमी भरते. पाकिटावर बर्फ सोडून निव्वळ वजन दिलेले असेल तर तेच वाचावे. डोक्यासकट कोळंबी घेतली तर जवळपास अर्धे वजन डोके आणि कवचात जाते, म्हणून ती ८०० ग्रॅम घ्यावी. पाकिटातल्या कोळंब्या एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ झाले असेल किंवा आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर माल मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे असे समजावे आणि ते पाकीट परत ठेवून द्यावे. आधीच उकडलेली गुलाबी कोळंबीही मिळते, पण तिच्यातली चव कारखान्यातल्या पाण्यात राहून गेलेली असते.

ताजी घेतली तर नाक हाच खरा परीक्षक आहे. चांगल्या कोळंबीला समुद्राचा पुसटसा वास येतो. अमोनियासारखा उग्र दर्प येत असेल, कवच बुळबुळीत असेल किंवा डोके धडापासून लोंबत असेल, तर विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी पुढे जावे.

आदल्या रात्रीची तयारी

आदल्या संध्याकाळी दोन कामे करून ठेवावीत. पहिले काम म्हणजे ३०० ते ३५० ग्रॅम घट्ट, ताजे, न आंबलेले दही पातळ सुती फडक्यात बांधून चक्का करणे. आपल्याकडे दही खुंटीला टांगून ठेवण्याची रीत आहे, पण परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेलेला असताना टांगलेले दही काही तासांतच आंबते आणि तो आंबटपणा सॉसला मारून टाकतो. म्हणून फडके चाळणीत ठेवावे, चाळणीखाली पातेले ठेवावे आणि हे सगळे रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्यावे. साधारण १५० ग्रॅम चक्का मिळतो.

दुसरे काम कोळंबी वितळवण्याचे. पाकीट एका खोलगट ताटात ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवले की ती सकाळपर्यंत हळूहळू वितळते आणि मांसातला रस फारसा बाहेर येत नाही. विसर पडला तर कोळंबी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून ती पिशवी गार पाण्यात बुडवावी आणि पाणी एकदा बदलावे, म्हणजे अर्ध्या ते पाऊण तासात काम होते. ओट्यावर उघडी ठेवणे किंवा गरम पाण्यात टाकणे हे दोन्ही टाळावे. पहिल्या प्रकारात बाहेरचा भाग जंतूंना पोसण्याइतका कोमट होतो आणि आतला अजून बर्फच असतो, आणि दुसऱ्या प्रकारात कडा उकडायला लागतात.

सोलणे आणि दोरा काढणे

डोके असेल तर ते पिरगळून काढावे. पायांच्या बाजूने कवच उघडून सोलावे, मात्र शेपटीचा पंखा आणि त्याजवळचे शेवटचे पेर तसेच ठेवावे, कारण कोळंबी हाताने उचलून सॉसमध्ये बुडवायची तर धरायला तेच लागते. पाठीवर चाकूच्या टोकाने उथळ चीर देऊन काळा दोरा काढून टाकावा. हा दोरा म्हणजे कोळंबीचे आतडे असते. तो पोटात गेल्याने सहसा अपाय होत नाही, पण त्यातली रेती दाताखाली कचकचते. चीर खोल गेली तर उकडताना कोळंबी फुलासारखी उमलते, जे रश्शात छान दिसते, इथे नाही. सोललेली कोळंबी एकदाच गार पाण्याने धुवावी आणि कोरड्या फडक्याने टिपून लगेच फ्रीजमध्ये ठेवावी. वशाट वास जाण्यासाठी पुष्कळ जण तिला हळद आणि लिंबू चोळून ठेवतात. ही सवय रश्शाच्या कोळंबीसाठी ठीक असली, तरी इथे लिंबाने मांस वरून पांढरे आणि कोरडे पडते, हळद तर सगळ्या ग्लासाला पिवळे करते, म्हणून या वेळी दोन्ही बाजूला ठेवावीत.

कवचे आणि डोकी फेकू नयेत. चवीचा मोठा ठेवा त्यांच्यातच असतो.

उकड: तीन मिनिटांचे काम

दीड लिटर पाण्यात धुतलेली कवचे, ३० ग्रॅम मीठ (सपाट दोन मोठे चमचे), आठ-दहा मिरे, कोथिंबिरीच्या दहा-बारा काड्या आणि अर्ध्या लिंबाची साल घालून मंद आचेवर १२ मिनिटे उकळावे आणि गाळून घ्यावे. मीठ जास्त वाटेल, पण कोळंबी या पाण्यात तीनच मिनिटे राहणार आहे. पाणी चवीला खारट लागलेच पाहिजे, नाहीतर आतले मांस अळणी राहते आणि नंतर वरून कितीही मीठ भुरभुरले तरी ते आत शिरत नाही. सोललेली कोळंबी आणली असेल आणि कवचे नसतील तर नुसत्या मसाल्याच्या पाण्यावर काम भागवावे.

गाळलेले पाणी पुन्हा खळखळून उकळू द्यावे, गॅस बंद करावा आणि मगच कोळंबी एकदम पाण्यात सोडून झाकण ठेवावे. गॅस बंद करणे ही या कृतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. फ्रीजमधली गार कोळंबी पडताच पाण्याचे तापमान उतरून साधारण ८० अंशांच्या घरात येते, आणि त्या सौम्य उष्णतेत मांस आतपर्यंत सारखे शिजते. खळखळत्या पाण्यात बाहेरचे प्रथिन आवळून आतला रस पिळून काढते, आणि थट्टेचा विषय झालेली रबरी कोळंबी अशीच तयार होते. ३१/४० आकाराला अडीच ते तीन मिनिटे लागतात. घड्याळ लावावेच, पण डोळ्यांवरही विश्वास ठेवावा. शिजताना करडी कोळंबी केशरी होते, कारण तिच्यातले मूळचे केशरी रंगद्रव्य कच्चेपणी एका प्रथिनात जखडलेले असते आणि उष्णतेने ते प्रथिन सैल पडले की रंग मोकळा होतो. कोळंबी अर्धचंद्रासारखी वळली, सर्वांत जाड भागी मांस अपारदर्शक पांढरे झाले की ती झाली. शेपटी डोक्याकडच्या टोकाला चिकटून पूर्ण कडे झाले असेल, तर ती जास्त शिजली आहे. शंका आली तर एक कोळंबी मधोमध कापून पाहावी. मध्यभागी काचेसारखी झाक दिसली तर बाकीची आणखी अर्धा मिनिट ठेवावी.

शिजण्याआधीच एका मोठ्या भांड्यात भरपूर बर्फ, गार पाणी आणि दोन चमचे मीठ तयार ठेवावे. झाऱ्याने कोळंबी काढून थेट त्यात टाकावी, कारण आतली उष्णता बाहेर काढली नाही तर ताटात पडल्या-पडल्याही ती शिजतच राहते. मात्र चार-पाच मिनिटांत ती बर्फातून बाहेर काढलीच पाहिजे. पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा ‘गार पाण्यात राहिली तर काय बिघडते’ असे म्हणून मी ती पाऊण तास तशीच ठेवली होती, आणि पाहुण्यांना मी जवळजवळ ओल्या कापसाची चव वाढली. बाहेर काढल्यावर स्वच्छ फडक्यात एकेक नीट कोरडी करावी, झाकणाच्या डब्यात घालावी आणि निदान एक तास फ्रीजमध्ये ठेवावी. कोळंबी ओली राहिली तर सॉस तिच्यावर टिकत नाही, घसरून ग्लासाच्या तळाशी जमतो.

मोहरी फेसण्याचे शास्त्र

आता त्या झणक्याकडे वळू. हॉर्सरॅडिशचे मूळ किंवा आपली काळी-तपकिरी मोहरी नुसती हातात धरली तर तिला वास नसतो. दोन्हींत एकच द्रव्य सुप्तावस्थेत असते आणि शेजारच्या पेशींत त्याला फोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. दाणा कुटला आणि पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते आणि नाकात चढणारे, डोळ्यांत पाणी आणणारे एक उडून जाणारे तेल तयार होते. परातीत मोहरी फेसताना आजी मान मागे घेऊन बसत असे, ते याच तेलामुळे. ते उडून जाणारे असल्यामुळेच त्याचा झणका क्षणभर चढतो आणि ओसरतो. मिरचीसारखा तो जिभेवर बसून राहत नाही, म्हणून कोळंबीची नाजूक चव त्याच्याखाली दबत नाही. या पदार्थात लाल तिखटाऐवजी मोहरी का हवी, याचे उत्तर यातच आहे.

यातूनच फेसण्याचे नियम निघतात. पाणी गारच हवे, कारण गरम पाण्याने विकर मरते आणि फक्त कडूपणा उरतो. लिंबू, चिंच, दही यांपैकी काहीही सुरुवातीला घालू नये, कारण आंबट पडले की विकराचे काम मंदावते आणि झणका अर्धवट राहतो. आधी झणका पूर्ण तयार होऊ द्यावा, मग आंबट घालावे, म्हणजे तो तितक्यावर थांबतो आणि काही तास टिकतो. लोणच्यासाठी मिळणारी मोहरीची डाळ घेतली तर साल नसल्यामुळे सॉस काळपट होत नाही. जाड, फिकट पिवळ्या विलायती मोहरीचा झणका जिभेवरच राहतो, नाकात चढत नाही, त्यामुळे ती इथे उपयोगाची नाही.

दोन छोटे चमचे मोहरीची डाळ खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडी बारीक करावी. मिक्सर सलग फिरवून पूड तापवू नये, थांबून थांबून फिरवावा. त्यात एक मोठा चमचा गार पाणी घालून चमच्याच्या पाठीने दोन-तीन मिनिटे जोराने फेसावे, म्हणजे ती फिकट आणि फुगीर दिसू लागते. झाकण ठेवून बरोबर दहा मिनिटे थांबावे. झाकण काढून नाक जवळ न्यावे. पण सावकाश.

सॉस

तीन मध्यम, पूर्ण पिकलेले, शक्यतो देशी आंबट टोमॅटो थेट आचेवर भाजावेत, साल काढून किसावेत आणि जाड बुडाच्या कढईत अर्धा चमचा गूळ व चिमूटभर मीठ घालून चार-पाच मोठे चमचे उरेपर्यंत आटवावेत. पूर्ण गार होईपर्यंत बाजूला ठेवावेत. बाटलीतल्या केचपने हेच काम दोन मिनिटांत होते, आणि घाई असेल तर दोन मोठे चमचे केचप वापरण्यात मला काही गैर वाटत नाही, फक्त मग गूळ घालू नये आणि लिंबू वाढवावे.

चक्का चमच्याने फेटून गुळगुळीत करावा. त्यात गार टोमॅटो, फेसलेल्या मोहरीपैकी एक छोटा चमचा, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, एक छोटा चमचा चिंचेचा दाट कोळ, किसलेली अर्धी लसूण पाकळी, पाव चमचा ताजी मिरपूड आणि मीठ घालावे. चिंच पाहून कोणाला हा देशी खोडसाळपणा वाटेल, पण ज्या वूस्टरशायर सॉसचा आग्रह विलायती कृतीत असतो त्यातही चिंच असतेच. त्यातल्या खारवलेल्या अँचोव्ही माशाची जागा भरून काढायची असेल, तर उकडीच्या पाण्यातले दोन चमचे पाणी आटवून त्याचा अर्क गार करून घालावा. मी नेहमी घालतो. त्याने सॉस आणि कोळंबी एकाच ताटातली वाटू लागतात. मग चव पाहून उरलेली मोहरी थोडी थोडी वाढवावी. चमचा उलटा केला तर सॉस सावकाश सरकला पाहिजे. तो थेंबथेंब पडत असेल तर चक्का कमी झाला किंवा टोमॅटो पुरेसा आटला नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा चव घ्यावी, कारण गार झाल्यावर चव वेगळी जाणवते.

ब्रिटिश वळणाचा सॉस हवा असेल तर अर्ध्या चक्क्याऐवजी मेयोनीज वापरावे. घरी कच्च्या अंड्याचे मेयोनीज करण्याचा सल्ला मी आपल्या हवामानात देणार नाही. विकतचे किंवा अंड्याविना केलेले बरे. ते घरी करायचे ठरवलेच तर करडईचे तेल घाण्याचे वापरू नये. भाकरीवर चटणीत ते फार सुंदर लागते, पण इथे त्याचा वास कोळंबीवर स्वार होतो. रिफाइंड करडई तेल चालते.

दही घालण्यावर एक आक्षेप येणारच, आणि तो बाजूला सारणे योग्य नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाणे विरुद्ध आहार मानले आहे, आणि आपल्याकडे अनेक घरांत मासळीबरोबर दहीही वर्ज्य असते. त्या घरी चक्का पूर्णपणे गाळून नुसता आटवलेला टोमॅटो, मोहरी, लिंबू आणि चिंच असा लाल सॉस करावा, टोमॅटो मात्र तीनऐवजी पाच घ्यावेत. अमेरिकेतला मूळचा सॉस याच घराण्यातला आहे, त्यामुळे यात काहीही उणे राहत नाही.

ग्लास भरणे

खाली घालायला लेट्यूस हवाच असा नियम नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही तो बहुधा मलूल झालेला मिळतो, आणि त्याचे काम फक्त गार, रसाळ, कुरकुरीत असण्याचे आहे. ते काम कोवळी काकडी अधिक चांगले करते. दोन काकड्यांच्या बिया काढून बारीक फोडी कराव्यात, कोबीची आतली पांढरी पाने केसासारखी चिरून घ्यावीत आणि दोन्ही वीस मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून अगदी कोरडी करावीत. कांद्याची कोवळी पात थोडी घालावी. घोळाच्या भाजीची कोवळी, आंबटसर पाने मिळाली तर मूठभर जरूर घालावीत. मेथीची कच्ची पाने घालण्याचा मोह आपल्याकडच्या माणसाला होतो, पण घोळाण्यात, म्हणजे कच्च्या मेथीच्या कोशिंबिरीत, शेंगदाण्याचा कूट जो कडूपणा सांभाळतो तो इथे नाही, म्हणून मेथी नको. मीठ काकडीला आधी लावू नये, पाणी सुटते.

उंच दांड्याचे ग्लास घरी नसतील तर फालुद्याचे किंवा आइस्क्रीमचे काचेचे बाऊल घ्यावेत. ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. तळाशी काकडी-कोबीचा दोन बोटे उंच थर, त्यावर दोन मोठे चमचे सॉस, त्यावर चार कोळंब्या, आणि उरलेल्या दोन-तीन कोळंब्या शेपटी बाहेर ठेवून काठावर अडकवाव्यात. वर लाल तिखटाची अगदी हलकी चिमूट आणि बाजूला लिंबाची फोड. कोळंबी आधीच सॉसमध्ये कालवून ठेवण्याची पद्धतही आहे, पण मीठ आणि आंबट यांनी ती पाणी सोडते, आणि खाणाऱ्याला हवा तितकाच झणका घेता येत नाही.

ब्रिटनमध्ये याबरोबर लोणी लावलेला ब्राऊन ब्रेड देत असत. धपाटे द्यावेत असा विचार माझ्या मनात आला होता आणि करूनही पाहिला, पण धपाट्यातले जिरे, लसूण आणि तिखट सगळे तोंड व्यापून टाकतात. त्यापेक्षा ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर कडक वाळवून तिचे तुकडे द्यावेत, वर पुसटसे लोणी लावावे. ज्वारीचा किंचित गोडवा मोहरीला छान सांभाळून घेतो.

सुरक्षिततेचे नियम

सॉसमध्ये दही आणि ताटात मासळी असल्यामुळे वेळेचा हिशेब काटेकोरपणे पाळावा लागतो. उकडलेली कोळंबी फ्रीजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. मराठवाड्यात मार्च ते जून या काळात दुसरा आकडाच लागू आहे असे धरून चालावे. अंगणात किंवा गच्चीवर पंगत असेल तर परातीत बर्फाचा चुरा पसरून त्यात ग्लास रोवावेत. वीज बराच वेळ गेली असेल आणि फ्रीज आतून कोमट वाटत असेल तर त्या दिवशी हा बेत रद्द करून त्याच कोळंबीचा झणझणीत रस्सा करावा, तोही कोळंबीला वास आला नसेल आणि ती अजून गार असेल तरच. कवचाच्या जिवांची ॲलर्जी असणारी माणसे असतात आणि मराठवाड्यात अनेकांनी कोळंबी कधीच खाल्लेली नसते, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याला एकच कोळंबी देऊन थोडे थांबणे शहाणपणाचे आहे. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे असे काही दिसले तर वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. दह्याप्रमाणेच मोहरीचीही ॲलर्जी काहींना असते, तेही आधी विचारून घ्यावे.

आदल्या दिवशी चक्का, सकाळी टोमॅटो आणि उकड, पाहुणे येण्याच्या तासभर आधी मोहरी, आणि ते पाट मांडून बसल्यावर ग्लास, असा क्रम ठेवला तर यजमानाची धावपळ होत नाही. मोहरी सकाळीच फेसून ठेवली तर संध्याकाळपर्यंत निम्मा झणका उडालेला असतो.

उरलेला सॉस झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो. झणका मवाळ होतो, पण उकडलेल्या बटाट्यावर किंवा काकडीच्या कोशिंबिरीत तो उत्तम लागतो. उकडीचे गाळलेले पाणी फार खारट असल्यामुळे तसेच वापरता येत नाही. ते चौपट साध्या पाण्यात मिसळून त्यात सुकट आणि वांग्याचा रस्सा करावा, आणि वरून मीठ घालण्यापूर्वी चव घेऊन पाहावी.